लांबच्या प्रवासासाठी हलका स्कूबा रेग्युलेटर कसा निवडायचा? लातूर-नांदेडकरांसाठी सविस्तर माहिती

एप्रिल २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून पिण्याचं पाणी आणावं लागलं, त्याच लातूरची पोरं आता सुट्टी काढून समुद्राच्या पोटात १८-२० मीटर खाली जायला निघतात. मी नांदेडचा. घराजवळ गोदावरी आहे, पण तिच्या गढूळ पाण्यात हात पुढे केला तर हात दिसत नाही. त्यामुळे आमचं डायव्हिंग म्हणजे आधी प्रवास, मग पाणी.

गेल्या दिवाळीनंतर लातूरच्या एका मित्राने मला विचारलं, "तीन महिने निघतोय. मालवण, गोवा, नेत्राणी, मग अंदमान आणि जमलं तर पुढे थायलंड, इंडोनेशिया. सगळ्यात हलका रेग्युलेटर कोणता घेऊ?" प्रश्न सोपा वाटतो. दुकानाच्या साइटवर वजनाचा आकडा बघायचा आणि सगळ्यात लहान आकड्यावर बोट ठेवायचं. पण ज्या यंत्रातून आपण पाण्याखाली श्वास घेणार, ते एवढ्यावर निवडू नये. म्हणून हा लेख.

थोडक्यात उत्तर

घाईत असाल तर एवढं वाचा. लांबच्या प्रवासाला रेग्युलेटर निवडताना क्रम असा ठेवा: आधी त्याची सर्व्हिस आणि सुटे भाग कुठे मिळतात, मग तो कोणत्या सिलिंडरला बसतो, मग त्याची रचना किती साधी आहे, आणि शेवटी वजन. हलक्या आणि नेहमीच्या संचात फरक पडतो तो साधारण अर्धा ते एक किलोचा. तेवढं वजन बॅगेत इतर ठिकाणीही वाचवता येतं. का आणि कसं, ते खाली बघूया.

रेग्युलेटर नेमकं काय करतो?

स्वयंपाकघरातला गॅसचा रेग्युलेटर आठवा. सिलिंडरमध्ये दाब जास्त, शेगडीला हवा कमी. मधला तो डबा दाब उतरवून देतो. स्कूबाचा रेग्युलेटर त्याचाच भाऊबंद आहे, आणि हे नुसतं उदाहरण नाही. १९४३ साली फ्रान्समध्ये जॅक कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी अक्वा-लंग तयार केलं. युद्धात पेट्रोलची टंचाई होती, म्हणून गान्यां यांनी गाड्या गॅसवर चालवण्यासाठी एक रेग्युलेटर बनवला होता. त्याच कल्पनेवरून पाण्याखालचा रेग्युलेटर आला.

फरक एवढाच की इथे दाब फार मोठा असतो. कारच्या टायरमध्ये सव्वादोन बारच्या आसपास हवा असते. डायव्हिंगच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये सुमारे २०० बार. हा दाब दोन टप्प्यांत उतरतो.

फर्स्ट स्टेज: सिलिंडरच्या तोंडावर बसणारा धातूचा गोळा. तो २०० बारवरून दाब खाली आणतो, आजूबाजूच्या पाण्याच्या दाबापेक्षा साधारण ९ ते १० बार जास्त एवढा.

सेकंड स्टेज: तोंडात धरतो तो भाग. तुम्ही श्वास ओढला की आतला पडदा वाकतो, झडप उघडते आणि पाण्याच्या दाबाइतकीच हवा तोंडात येते.

"पाण्याच्या दाबाइतकी" हे महत्त्वाचं. दर १० मीटरला पाण्याचा दाब सुमारे एक बारने वाढतो. २० मीटरवर एकूण दाब वरच्या तिप्पट, म्हणजे प्रत्येक श्वासाला हवाही तिप्पट लागते. तेवढी हवा अडखळता द्यायची नाही, हेच रेग्युलेटरचं काम.

पूर्ण संचात याशिवाय ऑक्टोपस येतो, म्हणजे जोडीदारासाठीचा जादा सेकंड स्टेज. शिवाय प्रेशर गेज, बीसीडी फुगवण्याची नळी आणि बाकीच्या होज. बीसीडी म्हणजे पाण्यात तरंगणं सांभाळणारं जाकीट.

वजन नेमकं असतं कुठे?

आपल्याकडच्या विमान प्रवासात साधारणपणे १५ किलो चेक-इन आणि ७ किलो हातातलं सामान चालतं. त्यात डायव्हिंगचा पसारा साधारण असा भरतो:

- फिन्सची जोडी: दीड ते अडीच किलो
- बीसीडी: ३ ते ४ किलो, प्रवासी प्रकारातली असेल तर दोन-अडीच
- रेग्युलेटरचा पूर्ण संच: २ ते साडेतीन किलो
- ३ मिलिमीटरचा वेटसूट: एक ते दीड किलो
- मास्क, स्नॉर्केल, कॉम्प्युटर, टॉर्च: एक ते दीड किलो

म्हणजे एकूण साडेसात ते तेरा किलो, तेही कपडे सोडून. आता बघा, बीसीडी आणि फिन्स बहुतेक सेंटरवर भाड्याने चांगल्या मिळतात. त्या घरी ठेवल्या की चार-पाच किलो एका झटक्यात गेले. रेग्युलेटर, मास्क आणि कॉम्प्युटर मात्र स्वतःचे असावेत असं माझं मत आहे. अंदमानात एका सेंटरने दिलेल्या भाड्याच्या रेग्युलेटरचा माउथपीस दातांच्या जागी फाटलेला होता. अख्खा डाइव्ह मी दर तिसऱ्या श्वासाला खारं पाणी गिळत काढला. धोका झाला नाही, पण मासे बघायचं राहून गेलं.

रेग्युलेटरच्या संचातही वजन सगळीकडे सारखं नसतं.

गेज: प्रेशर, खोली आणि होकायंत्र एकत्र असलेला मोठा कन्सोल जड असतो. त्याऐवजी फक्त प्रेशरचं छोटं गेज आणि मनगटावरचा कॉम्प्युटर घेतला, तर बराच भार उतरतो. त्यासाठी नवा रेग्युलेटर घ्यावा लागत नाही.

फर्स्ट स्टेज: हा बहुधा क्रोमचा मुलामा दिलेल्या पितळेचा असतो. पितळेची घनता साधारण ८.५ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, टायटॅनियमची ४.५. म्हणून टायटॅनियमचे मॉडेल हलके, आणि गंज न धरणारे. पण अटॉमिक टी३ सारख्या टायटॅनियम रेग्युलेटरची किंमत लाखाच्या पुढे जाते. साध्या पिस्टनचा संच त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यात येतो. शिवाय टायटॅनियम जास्त ऑक्सिजनमध्ये पेट घेऊ शकतो, म्हणून ४० टक्क्यांपेक्षा जास्त ऑक्सिजनच्या मिश्रणाला तो वापरत नाहीत. सुट्टीतल्या डायव्हरला ही अडचण सहसा येत नाही, पण माहीत असावं.

होज: रबरी होजऐवजी नायलॉनने विणलेली होज हलकी आणि लवचीक असते. बॅगेत छान गुंडाळली जाते. पण इथे एक इशारा आहे. उष्ण आणि दमट हवेत अशा काही होजच्या आतल्या नळीचं प्लॅस्टिक खराब होऊन आत स्फटिकासारखा कचरा साचला आणि हवा अडली, अशा घटना डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या सुरक्षा संस्थेने समोर आणल्या आहेत. रबर बाहेरून चिरतं तेव्हा दिसतं; इथे बाहेरून होज नव्यासारखी दिसते आणि बिघाड आत असतो. आपला सगळा प्रवासच उष्ण आणि दमट किनाऱ्यांचा आहे. म्हणून विणलेली होज घ्यायचीच असेल तर नवी घ्या, तिची तारीख लिहून ठेवा आणि कंपनीने सांगितलेल्या मुदतीत बदला. तीन महिन्यांच्या प्रवासाला मी रबरी होजच पसंत करतो.

पिस्टन की डायफ्रॅम?

फर्स्ट स्टेजच्या आत झडप उघड-बंद करणारी रचना दोन प्रकारची असते.

साधा पिस्टन: आत हलणारे भाग अगदी थोडे. स्कूबाप्रो एमके२ किंवा क्रेसी एसी२ ही या प्रकाराची उदाहरणं. सर्व्हिस स्वस्त, बिघाड कमी. मात्र तो अनबॅलन्स्ड असतो, म्हणजे सिलिंडरमधला दाब कमी होत गेला की श्वास ओढायला किंचित जोर लागतो. १८-२० मीटरपर्यंतच्या निवांत डाइव्हला हा फरक फारसा जाणवत नाही.

बॅलन्स्ड डायफ्रॅम: सिलिंडर भरलेला असो की संपत आलेला, श्वास सारखाच येतो. आतली यंत्रणा पडद्यामागे असल्यामुळे वाळू, गाळ आणि मीठ आत शिरत नाही, विशेषतः सीलबंद मॉडेलमध्ये. मालवणकडच्या गाळमिश्रित पाण्यात याचा फायदा होतो. अक्वा लंगचा मिक्रॉन हा प्रवासासाठीच बनवलेला हलका रेग्युलेटर याच प्रकारातला. पण भाग जास्त, त्यामुळे सर्व्हिसचा खर्चही जास्त.

बॅलन्स्ड पिस्टन हा तिसरा प्रकारही आहे. हवा भरपूर देतो, पण बऱ्याच मॉडेलमध्ये आतल्या भागाला पाणी लागतं, म्हणून धुण्यात हयगय चालत नाही.

३० मीटरपर्यंत जाणार असाल, वरचेवर डाइव्ह करणार असाल, तर सीलबंद बॅलन्स्ड डायफ्रॅम घ्या. वर्षातून एकदा सुट्टीत आठ-दहा डाइव्ह असतील तर साधा पिस्टन पुरतो. मॉडेलची नावं दर काही वर्षांनी बदलतात, म्हणून नावापेक्षा प्रकार लक्षात ठेवा.

योक की डिन? इथे बरेच जण अडकतात

रेग्युलेटर सिलिंडरला दोन पद्धतीने जोडतात.

योक: सिलिंडरच्या तोंडावर शिकंजासारखा बसतो आणि मागून स्क्रू आवळतात. भारतात आणि आशियातल्या बहुतेक सेंटरवर हीच पद्धत आहे. मर्यादा २३२ बार.

डिन: आटे असलेला, थेट आत फिरवून बसवायचा. युरोपात जास्त चालतो. योकपेक्षा लहान आणि हलका, शिवाय ओ-रिंग म्हणजे हवा अडवणारी रबरी कडी आत बंदिस्त राहते.

वजनाच्या मोहात डिन घेतला आणि गावोगावी योकचे सिलिंडर मिळाले, तर ॲडॅप्टर वागवावा लागतो. मग वाचवलेलं वजन परत बॅगेत आलं. काही सिलिंडरच्या व्हॉल्व्हमध्ये काढता येणारा इन्सर्ट असतो. तो ॲलन कीने काढला की डिनही बसतो, पण प्रत्येक सेंटरवर तसे व्हॉल्व्ह असतीलच असं नाही. म्हणून फिरणं भारत आणि आग्नेय आशियातच असेल तर सरळ योक घ्या. युरोपही यादीत असेल तर डिन आणि ॲडॅप्टर.

योकला ओ-रिंग सिलिंडरच्या बाजूला असते. बोटीवर एखादी फाटकी निघाली की सगळ्यांचा खोळंबा. दहा-बारा ओ-रिंग खिशात ठेवा, वजन नाममात्र.

सर्व्हिस: मराठवाड्यासाठी सगळ्यात मोठा मुद्दा

आपल्या गल्लीत पंक्चर काढणारा आहे, मोटर रिवाइंड करणारा आहे. रेग्युलेटर उघडणारा नाही, आणि हौशी मेकॅनिकने तो उघडूही नये. कंपनीचं प्रशिक्षण घेतलेला माणूस, मूळ सुटे भाग आणि दाब मोजायचं साधन लागतं. त्यासाठी मुंबई, पुणे, गोवा, बेंगळुरू किंवा अंदमान याच दिशेने चौकशी करावी लागते.

बहुतेक कंपन्या वर्षाने, काही दोन वर्षांनी, किंवा १०० डाइव्हनंतर सर्व्हिस सांगतात; यातलं जे आधी येईल ते. नेमका आकडा पुस्तिकेत असतो. तीन महिने रोज दोन डाइव्ह केले तर १०० चा आकडा प्रवासातच ओलांडला जातो. म्हणून विकत घेण्याआधी हे तीन प्रश्न विचाराच:

१. या मॉडेलचे सर्व्हिस किट भारतात साठ्यात असतात का, की मागवावे लागतात?
२. सर्व्हिसला किती दिवस आणि किती पैसे?
३. मी जिथे जाणार, तिथे या कंपनीचं काम करणारं कोणी आहे का?

दोनशे ग्रॅमने हलका, पण किटसाठी दीड महिना थांबायला लावणारा रेग्युलेटर लातूरकराला परवडत नाही. माझ्या मित्राला मी हेच सांगितलं आणि त्याने टायटॅनियमचा विचार सोडला. सीलबंद डायफ्रॅम, योक, रबरी होज आणि छोटं गेज असा संच त्याने निवडला. उरलेल्या पैशांत त्याचा नवा कॉम्प्युटर झाला.

सर्व्हिस निघायच्या आदल्या दिवशी करून आणू नका. सर्व्हिसनंतर कधी कधी बारीक गळती निघते. एक-दोन डाइव्ह जवळच्या जवळ, म्हणजे मालवण किंवा गोव्यात करून बघा आणि मगच विमानात बसा.

निघण्याआधी तपासणी

घरी सिलिंडर नसतो, तरी काही गोष्टी बघता येतात.

- फर्स्ट स्टेजचं टोपण घट्ट लावून सेकंड स्टेजमधून हलका श्वास ओढा. हवा येता कामा नये. आली तर कुठेतरी गळती आहे.
- माउथपीस ताणून बघा, दातांच्या जागी चीर आहे का?
- होज दोन्ही टोकांशी वाकवून बघा, भेगा आहेत का?

सेंटरवर पोहोचल्यावर सिलिंडर जोडा, व्हॉल्व्ह हळू उघडा आणि गेजकडे बघत चार-पाच श्वास घ्या. काटा हलत असेल तर बहुधा व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला नाही, किंवा काहीतरी अडलेलं आहे. मग व्हॉल्व्ह बंद करून पाच मिनिटं थांबा. काटा उतरला तर गळती शोधा. शंका असेल तर त्या दिवशी भाड्याचा घ्या. स्वतःचा आहे म्हणून हट्ट करू नका.

बॅग कशी भरायची?

रेग्युलेटर हातातल्या बॅगेत ठेवा. चेक-इनची बॅग उशिरा आली तरी डाइव्ह चुकत नाही, आणि आपटाआपटीही टळते. सुरक्षा तपासणीत विचारलं तर बाहेर काढून शांतपणे सांगा. ॲलन की, पाना, चाकू मात्र चेक-इनमध्येच. टॉर्चच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या याच्या उलट, हातातल्या बॅगेत.

होज मोठ्या वळणाने गुंडाळा, टोकाशी मुरडू नका. सोबत एक जादा माउथपीस, तीन-चार झिप-टाय आणि ओ-रिंग. एवढा संच मुठीत मावतो.

शेवटच्या डाइव्हनंतर विमानात बसायला थांबावं लागतं: एकच डाइव्ह असेल तर किमान १२ तास, रोज अनेक डाइव्ह केले असतील तर किमान १८ तास. घाट चढण्यालाही हाच विचार लागू होतो. लातूर समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या आसपास आहे आणि कोकणातून येताना सह्याद्री चढावाच लागतो. म्हणून सकाळी डाइव्ह आणि दुपारी गाडी, असं करू नका. तो वेळ सामान सावलीत वाळवायला वापरा. ओला वेटसूट आणि ओल्या पट्ट्या बॅगेचं वजन चांगलंच वाढवतात.

मराठवाड्यातली देखभाल

- टोपण लावूनच गोड्या पाण्यात भिजवा. पाण्यात असताना सेकंड स्टेजचं बटण दाबू नका, नाहीतर पाणी होजमधून आत जातं.
- आपल्या बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं, पांढरे डाग ठेवतं. शेवटची धुणी फिल्टरच्या पाण्याने करा.
- एप्रिल-मेच्या उन्हात गाडीच्या डिकीत किंवा पत्र्याखाली ठेवू नका. रबर लवकर म्हातारं होतं.
- कपाटात ठेवताना बंद पिशवी वापरा. सेकंड स्टेजमध्ये झुरळं, मुंग्या शिरतात. पण डांबरगोळ्या सोबत टाकू नका. त्यातूनच तुम्हाला श्वास घ्यायचाय.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

तारकर्लीत एकदा डायव्हिंग केलंय, रेग्युलेटर घेऊ का?
नाही. तो डाइव्ह प्रशिक्षकाच्या हाताला धरून होता. आधी कोर्स करा, वीसेक डाइव्ह होऊ द्या, मग ठरवा. तारकर्लीत एमटीडीसीची डायव्हिंग संस्था आहे, तिथे कोर्सची चौकशी करता येते.

जुना, वापरलेला घ्यावा का?
सर्व्हिसची नोंद आणि सुटे भाग मिळण्याची खात्री असेल तरच. सर्व्हिसचा आणि नव्या होजचा खर्च किमतीत धरून हिशेब करा.

थंड पाण्यात हलका रेग्युलेटर चालेल का?
ईएन २५० हे युरोपीय मानक बघा. त्यात १० अंश सेल्सिअसखालचं पाणी थंड धरतात. रेग्युलेटरवर "१० अंशांच्या वर" अशी खूण असेल तर तो थंड पाण्यासाठी नाही. आपल्या समुद्रांना ही अडचण नाही.

ऑक्टोपस काढून वजन वाचवू का?
अजिबात नाही. तो तुमच्या जोडीदाराचा श्वास आहे. वजन कमी करायचं असेल तर बॅगेतली तिसरी जीन्स काढा.